दोष कबरीचा नव्हता

मित्रांनो, माझी आई गाय होती आणि बाप याक. मी त्या दोघांचा संकर, आता एक म्हातारा बैल. खालचे दात झिजले आहेत, उजव्या मागच्या पायाला थंडीत कळ येते, आणि दिवसातला बराच वेळ मी गोठ्याच्या दाराशी उन्हात बसून रवंथ करतो. माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली की ती तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म डोंगरावरच्या एका दगडी गोठ्यात झाला. त्याच वर्षी घरात सूनबाई आल्या होत्या. गोणपाटाने मला पुसून त्यांनीच प्रथम उभे केले. आमच्या गावाला याकाचा संकर नवा होता. मालक, म्हणजे सूनबाईंचे सासरे, वरच्या कुरणातल्या एका याकवाल्याला गळ घालून तो करून आले होते. पुढच्या वर्षी त्याच जोडीला माझी बहीण झाली.

मी भराभर वाढलो. तिसऱ्या वर्षी माझ्या वयाच्या बैलांहून मी वीतभर उंच होतो. लोक गोठ्यात येत, माझ्या मानेवरून हात फिरवत. दात बघून जनावराचे वय अचूक सांगणारे मालक कौतुकाने म्हणत, "असा वळू पंचक्रोशीत दाखवा!" त्यांनी जुना वळू विकून टाकला आणि सात गाई माझ्यावर सोपवल्या. मीही छाती काढून चालू लागलो.

पहिल्या हंगामात सातही गाई पुन्हा माजावर आल्या. एकही गाभण राहिली नाही.

आधी वैरणीला नावे ठेवली गेली, मग पाण्याला. माझे नाव कुणाच्या मनातही आले नाही, कारण मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझे काम चोख करत होतो. शेवटी बोट गाईंकडे वळले. त्यांत कबरी नावाची एक गाय होती. चार वेतांची, शांत, धार काढताना कधी पाय न झाडणारी. मालकांनी ठरवले की हिच्यातच काहीतरी बिघडले आहे, आणि हिच्यामुळे बाकीच्याही बिघडतील.

"चार वासरं दिलेली गाय एकाएकी वांझ कशी होईल, मामंजी?" सूनबाईंनी विचारले.

"मग वळूत खोट आहे म्हणतेस? बघ की त्याच्याकडे!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान ताठ करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी कबरीच्या गळ्यात नवे दावे बांधून टेकड्यांपलीकडच्या एका चक्कीवाल्याने तिला नेले. वळणापाशी ती थांबून एकदा हंबरली. मी गव्हाणीत तोंड खुपसून खात राहिलो.

दुसरा हंगामही तसाच गेला. दूध आटत चालले. घर तर सारे दुधावरच. एक दिवस मालकांच्या बहिणीने, सगळे ज्यांना आत्याबाई म्हणत त्यांनी, सूनबाईंच्या डोक्यावर वैरणीची पाटी पाहिली आणि अंगणातूनच म्हटले, "जिची स्वतःची कूस उजवत नाही, तिच्या हातचा चारा खाऊन गाई कशा फळतील?"

सूनबाईंनी पाटी खाली ठेवली. गोठ्यात येऊन माझ्या बहिणीच्या पाठीवर डोके टेकून त्या उभ्या राहिल्या, बराच वेळ. आणि मग एकदम ताठ झाल्या. माझ्या बहिणीचे पोट त्यांच्या हाताला लागले होते. साऱ्या गोठ्यात गाभण होती ती एकटीच! भावाबहिणीला एकत्र करायचे नाही म्हणून तिला तेवढे खालच्या वस्तीतल्या वळूकडे नेले होते. वैरण तीच, पाणी तेच, घालणारे हातही तेच. वळू मात्र वेगळा.

नवऱ्याला घेऊन त्या पायी खाली जनावरांच्या दवाखान्यात गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पशुवैद्य बाईंना घेऊनच वर आल्या.

डॉक्टरांनी एका नळीत माझे बीज घेतले, दुसऱ्या नळीत खालच्या वळूचे त्या येतानाच घेऊन आल्या होत्या. ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडून त्यांनी आधी सूनबाईंना बोलावले.

"हा खालचा वळू. काय दिसतं?"

"बाई गं! नुसती वळवळ. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं."

डॉक्टरांनी काचपट्टी बदलली. "आता हा तुमचा."

सूनबाईंनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. "इथे तर काहीच नाही."

मालकही वाकले. "पण एवढं धिप्पाड जनावर..." एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"धिप्पाडपणाचा याच्याशी संबंध नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "गाईची गुणसूत्रं साठ, याकाचीही साठ. याला निम्मी आईकडून आली, निम्मी बापाकडून. अंग वाढवायला ती मिळून छान काम करतात. पण बीज तयार होताना त्यांना जोडीजोडीने एकमेकांसमोर उभं राहावं लागतं. गाय आणि याक ही घराणी फार पूर्वी वेगळी झाली, त्यामुळे जोड्या नीट जमत नाहीत. त्यातून याचा एक्स गाईचा आणि वाय याकाचा. पेशी अर्ध्या वाटेवर अडतात आणि मरून जातात."

"आणि याची बहीण? ती तर गाभण आहे."

"तिच्याकडे एक्सची जोडी आहे, तिचं निभावतं. अशा संकरात बहुधा मुलगेच अडतात. नेमक्या कोणत्या जनुकांमुळे, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण वरच्या कुरणातल्या गुराख्यांना एवढं पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे की असा गोऱ्हा ओझ्याचा, वळू म्हणून ठेवायचा नाही. त्यांना विचारायचं होतं."

मालकांची मान खाली गेली. "तो याकवाला म्हणाला होता तसं. मला वाटलं, पोटदुखीने बोलतोय. मग खोट याचीच म्हणायची?"

"खोट कुणाचीच नाही. याने काय केलंय? जन्मालाच असा आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी मला दाव्याला धरून बाहेर काढले. मला देऊन कबरीला परत आणायचे, असे त्यांच्या मनात होते. दोन टेकड्या ओलांडून आम्ही चक्कीपाशी पोहोचलो. अंगणात कबरी उभी होती आणि तिच्या आचळांना चार दिवसांची कालवड ढुशा देत होती.

"वांझ म्हणून दिलीत," चक्कीवाला पीठ झटकत हसला, "आणि आमच्या घरी दुधाला तोटा नाही. हिला आता नाही सोडायचो मी."

मालकांनी घासाघीस केली नाही. त्यांनी कबरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हातारा माणूस लेकीसमोर रडावा तसे ते रडले. कबरीने त्यांचा हात चाटला. माझ्याकडे तिने एकदाच पाहिले, मग कालवडीला चाटू लागली.

घरी येताच अंगणात, आत्याबाईंच्या समोर, मालक म्हणाले, "कबरीला कालवड झाली. सूनबाई, चुकलं माझं. तिच्या बाबतीत चुकलं आणि तुझ्याही."

आत्याबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. तेव्हा आजवर गप्प राहिलेला मालकांचा मुलगा बोलला, "शहरातल्या दवाखान्यात जाऊ. आधी मला तपासू दे." पुढे ती दोघे गेली. तिथे काय कळले ते मला ठाऊक नाही, घरातल्या साऱ्याच गोष्टी काही गोठ्यापर्यंत पोहोचत नाहीत. एवढे मात्र खरे की त्यानंतर वैरणीच्या पाटीला दोघांचे हात लागू लागले.

गावातल्या काहींनी मला खाटकाकडे धाडायचा सल्ला दिला. "ओझं तर वाहील ना," सूनबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर त्यांनी स्वतः खोगीर कसले. बारा वर्षे मी दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचवले. बर्फातल्या निसरड्या वाटेवरही एक कॅन कधी सांडला नाही. माझ्या बहिणीने सहा वासरे दिली. त्यांच्या अंगाला येणारा दुधाचा वास मला फार आवडायचा.

मित्रांनो, ज्या जनावराने तुमच्यासाठी पाठ झिजवली, त्याला म्हातारपणी चार घास आणि कोरडी जागा द्या. आणि घरात, गोठ्यात काही अडले, तर समोर जी मुकाट उभी आहे तिच्यावर बोट रोखू नका. आधी तपासा. ज्याची सगळे वाहवा करतात, त्यालाही तपासा.

माझ्यामागे माझे वासरू राहणार नाही, याचे दुःख आता उरलेले नाही. मी जसा जन्मलो तसा जगलो. पण कबरीने गेल्या हिवाळ्यात चक्कीवाल्याच्या गोठ्यातच प्राण सोडला, असे कळले. तिला नेत होते तेव्हा मला खरे काय ते माहीत नव्हते, हे मी स्वतःला हजारदा सांगितले आहे. तरी ती वळणापाशी हंबरली तेव्हा निदान मान वर करून तिला उत्तर द्यायला हवे होते.