बाहेरच्या बाजूची कडी

मी कडी बोलतेय. दाराचीच आहे, पण दाराच्या बाहेरच्या बाजूची, आणि माझं जे काही रडगाणं आहे ते या एका गोष्टीपाशी सुरू होतं.

माझा जन्म अडगळीच्या खोलीसाठी झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली होती. रिकामी खोकी, मोडका पंखा, रंगाचे वाळलेले डबे, असला तिथला ऐवज. सुताराने चार स्क्रू पिळून मला दाराबाहेर बसवलं आणि दोनदा सरकवून पाहिलं. अडगळीच्या खोलीला कडी बाहेरूनच असते, त्यात त्याची काही चूक नाही. सामान थोडंच आतून कडी लावून घेतं?

चूक झाली ती पुढे. घरमालकांनी एक दिवस खोकी हलवली, भिंतींना पिवळट रंग दिला, एक खाट टाकली आणि घर 'दोन बेडरूमचं' करून टाकलं. रंगाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिला आतून बसवायची का?" मालक म्हणाले, "राहू दे रे, कुठे नडतेय ती?" नडणार होते मी, पण तेव्हा ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

पहिला भाडेकरू बेकरीत कामाला होता. सोबत त्याची म्हातारी आई. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आईची वेणी तो स्वतः घालायचा. पण आईला विसर पडायला लागला होता. गॅस चालू ठेवून ती गॅलरीत जाऊन बसायची, एकदा तर अनवाणी थेट चौकापर्यंत गेली. मग एके सकाळी त्याने मला पहिल्यांदा लावलं, खाली जाऊन दूध आणेपर्यंत. दहा मिनिटं. परत आला तेव्हा त्याने आईची माफीसुद्धा मागितली. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटांचा अर्धा तास झाला आणि माफी मागायची राहून गेली. मग बाजार, मग केस कापायला जाणं, मग बेकरीतली अख्खी पाळी. माणसाच्या हाताला सवय कशी लागते ते मी इतक्या जवळून पाहिलंय की विचारू नका.

आई आधी हाका मारायची, मग दार बडवायची. मग तिने जेवणाच्या ताटातला चमचा लपवून ठेवला आणि मी जिथे आहे नेमकी तीच जागा आतून खरवडायला लागली. मी कुठे आहे हे तिला बरोबर कळलं होतं. आमच्या दोघींमध्ये बोटभर लाकूड. मला फार वाटायचं, सुटावं, गळून पडावं. पण कडीला स्वतःहून सरकता येत नाही. तिला मी अडकवलेलं आणि मला त्या चार स्क्रूंनी.

एक दिवस खरवडणं थांबलं. मुलगा कामावरून आला, त्याने मला सरकवलं, दार सताड उघडलं. आई खाटेवर बसून होती.

"आई, ये ना बाहेर."

ती आली नाही. तासभर दार उघडं होतं, आणि ती त्या उघड्या दाराकडे भिंतीकडे पाहावं तशी पाहत होती. मुलगा उंबऱ्यात बसून हमसून हमसून रडला. महिन्याभरात दोघं लांब त्याच्या बहिणीकडे राहायला गेली. घर रिकामं झालं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. कोण विचारतंय कडीला?

मग घर दाखवायला एजंट यायला लागला. मी त्याला मनातल्या मनात सोयवाला म्हणते. त्याला या घरात सगळी सोयच दिसते. खोलीला खिडकी नाही, तर 'धुळीची कटकट नाही, सोय आहे'. नळाला पाणी बेताचं, तर 'बादली भरेपर्यंत दात घासून होतात'. एका सकाळी तो एक बाई आणि तिच्या वडिलांना घेऊन आला. बाई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायच्या कामाला. वडील निवृत्त पोस्टमन. खांद्याला रिकामी पिशवी अजून होती.

"दहा वाजले की बाबा निघतात," ती एजंटला सांगत होती. "टपाल वाटायला. घरात मिळेल तो कागद घेतात आणि दिसेल त्या दारात टाकतात. मागे एका मुलाचं प्रगतिपुस्तक भलत्याच घरी देऊन आले. त्या घरची आई अर्धा दिवस खुशीत होती."

एजंट खो खो हसला. ती हसली नाही.

"परवा भर रस्त्यात सापडले. गाड्या थांबल्या म्हणून वाचले. मी दुकानात असते, काय करू?"

सोयवाल्याने लगेच माझ्यावर टिचकी मारली. "मग हे घर तुमच्यासाठीच आहे, ताई. ही बघा, बाहेरून कडी. मुद्दाम करून घ्यायला गेलात तरी मिळायची नाही."

ओरडून सांगावंसं वाटलं, पण गंजलेल्या लोखंडाला कुर्रकुर्र सोडून काय येतं?

बाईने मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. भाडेकरार तयार होता, ओट्यावर पेनासकट ठेवलेला. मालक खाली गाडीत चाव्या घेऊन बसले होते. तिला आताची जागा दुसऱ्याच दिवशी सोडायची होती.

"एकच मिनिट," ती म्हणाली. "बाबा, जरा आत बसता का?"

बाबा मुकाट्याने आत गेले. तिने दार लोटलं, माझ्यावर हात ठेवला. मला आठवण झाली ती त्या पहिल्या दहा मिनिटांची. खट्ट. मी लागले.

ती कान देऊन उभी राहिली. ते हाका मारतील, दार बडवतील, असं तिला वाटलं असावं. त्याऐवजी आतून दोनदा, बेताने, टकटक झाली.

"घरात कोणी आहे का? पोस्टमन!"

आत कोंडलेल्या माणसाला वाटत होतं की तो कुणाच्या तरी दाराबाहेर उभा आहे. बाईने तोंडावर हात दाबला.

"रजिस्टर पत्र आहे, बाई. सही लागेल."

आणि दाराच्या फटीतून कागद सरकत बाहेर आले. भाडेकरार! जाताना ओट्यावरून उचलला होता त्यांनी.

"घ्या!" सोयवाला खूश झाला. "बाबाही सहीच करा म्हणतायत." त्याने पेन पुढे केलं.

तिने ते घेतलं, गुडघे टेकून कागद उलटले.

"सावकाश वाचा, बाई," आतून आवाज आला. "मी उभा आहे. आणि नको असेल तर नको म्हणा. पत्र घेतलंच पाहिजे असा नियम नाही. मी तसं वर लिहून परत नेतो. एकदा सही झाली की मात्र माझ्या हातात काही नाही."

"नको," ती पुटपुटली.

"मोठ्याने सांगा, बाई. दारातून ऐकू येत नाही."

"नको! परत घेऊन जा!" आणि तिने मला इतक्या जोरात मागे ओढलं की माझा एक स्क्रू ढिला झाला. तो अजून ढिला आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

दार उघडलं तेव्हा आतली बाजू उजेडात आली. तिने त्या खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"मांजराचं असेल," एजंट म्हणाला.

"एवढ्या उंचीवर?"

मग तो चिडला. "अहो, मालक खाली ताटकळलेत! उद्या जाणार कुठे तुम्ही?"

"माहीत नाही. आताच्या मालकांच्या पाया पडून आठवडाभर मागेन. दुकानात वेळ बदलून मागेन. कडी लागली ना आत्ता, तेव्हा मला हायसं वाटलं. बाबा कोंडले गेले आणि मला हायसं वाटलं! हे घर मला नको."

बाबांनी तिच्या हातातून करार आणि पेन घेतलं. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'घेण्यास नकार' असं लिहिलं, तारीख घातली आणि कागद एजंटच्या हातात दिले. "पाठवणाऱ्याला परत." मग मुलीकडे वळून म्हणाले, "चला बाई, अजून पुष्कळ घरं राहिलीत."

ती त्यांचा हात धरून जिना उतरली. कुठे गेली, तिचं काय झालं, मला कळलं नाही. आपल्या खुंटाला बांधलेल्या माझ्यासारखीला ते कळायचं कसं?

उद्या सोयवाला नवीन माणसं घेऊन येणार आहे. सोबत कुणीतरी म्हातारं आहे, असं तो फोनवर बोलत होता. माझं एवढंच मागणं आहे. मला मोडीत काढा असंही म्हणत नाही, फक्त काढा आणि दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे जो आत असेल त्याच्या हाताला मी लागेन. चारच स्क्रू आहेत, त्यातला एक आधीच ढिला आहे. दहा मिनिटांचं काम आहे.