अकरा ते बारा

नेटवाल्याने राउटर भिंतीवरून उतरवला, उलटा करून त्यावर फुंकर मारली आणि वायर आपल्या मीटरला जोडली. बाबा टॅबलेट छातीशी धरून त्याच्या मागे उभे होते.

"लाइन तर एकदम ओके आहे, आजोबा."

"आत्ता असणारच. बरोबर अकराला जातं आणि बाराला परत येतं. सरकारी नोकरीत असल्यासारखं!"

नेटवाला हसला. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीला हसू आलं नाही.

तीन आठवडे हे चाललं होतं. बाबांनी खिडकीत बसून पाहिलं, जिन्यात बसून पाहिलं, एकदा तर स्टुलावर चढून टॅबलेट माळ्याजवळ धरला. मग स्वतःच कंपनीला फोन लावून चार वेळा तक्रार नोंदवली. आपल्याच बोटांचं काहीतरी चुकतंय असं त्यांना मधूनमधून वाटे आणि ते तिला विचारत, "मी कुठं भलतंच बटण तर दाबलं नाही ना गं?" ती "नाही हो, बाबा" म्हणे आणि कॉम्प्युटरकडे वळे.

दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मोठ्या काकांना चार महिन्यांपूर्वी झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पहिले सहा महिने महत्त्वाचे, असं डॉक्टर म्हणाले होते. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाबांनी लगेच कंबर कसली. रोज अकराला व्हिडिओ कॉल लावून ते भावाला एकेक शब्द म्हणायला लावत. बारानंतर मोठे काका औषधाच्या गुंगीत असत, म्हणून वेळ तीच. पाणी. दार. चष्मा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. तो भिंत ओलांडून तिच्या खोलीतही पोचायचा आणि तिथे अकराला तिची मीटिंग असायची.

"तुमच्याकडे शाळा भरते का हो?" असं एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले, तीही हसली. संध्याकाळी तिने मोबाइलवर राउटरचं अ‍ॅप उघडलं. लहान मुलांनी फार वेळ खेळू नये म्हणून त्यात एक सोय होती. तिने बाबांचा टॅबलेट निवडला आणि अकरा ते बारा त्याचं नेट बंद राहील असं करून ठेवलं. एका आठवड्यापुरतं, असं स्वतःला बजावून. नंतर ती विसरली असं मात्र मुळीच नाही. शांतता बरी वाटत होती, इतकंच. आज नेटवाला यायच्या आत ते काढून टाकायचं तिने ठरवलं होतं, पण तो तासभर आधीच उगवला.

"मॅडम, अ‍ॅप तुमच्या फोनवर आहे ना? जरा बघू."

नाही म्हणायला तिला कारण सुचेना. त्याने दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि थांबला. वर पाहिलं. तिने मान खाली घातली. बाबा टाचा उंचावून फोनमध्ये डोकावायला लागले, तेव्हा त्याने अंगठ्याने एक बटण सरकवलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"आतली जोडणी सैल होती, आजोबा. आता नाही जाणार."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" बाबांचा चेहरा उजळला. "शाबास! देव तुझं भलं करो."

निघताना नेटवाल्याने कागद तिच्यापुढे धरला. बिघाडाच्या रकान्यात त्याने 'सैल जोडणी' असं लिहिलं होतं. तिने खाली सही केली. 

अकराला कॉल लागला. मीटिंग सोडून ती बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर आधी काकू आल्या.

"अहो भावोजी, दिसलात एकदाचे! हे रोज अकराला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. बारा वाजले की आपले उठायचे."

"आमची लाइन खराब होती, वहिनी. दादा, चला. पा-णी."

मोठ्या काकांचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या. "पा," ते म्हणाले आणि पुढचं शोधत राहिले. महिन्यापूर्वी ते हा शब्द सहज म्हणत होते.

"हरकत नाही. चूक आमच्या लाइनची. पुन्हा पहिल्यापासून," बाबा म्हणाले.

बाराला त्यांनी कॉल बंद केला, तेव्हा तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेब, ते हसणं, अ‍ॅप, तीन आठवडे. त्यांनी चिडावं, तोंड सोडावं, अशी ती वाट पाहत राहिली. बाबा सदऱ्याच्या टोकाने टॅबलेटची काच पुसत होते. पुसून झाली तरी पुसत होते.

"आवाज फार जायचा का गं माझा?" त्यांनी विचारलं. "सांगायचंस की मला."



दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले तरी भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना. पुन्हा नेट गेलं की काय, म्हणून ती मीटिंगमधून उठली. बाबा त्यांच्या खोलीत नव्हते. ते स्वयंपाकघरात, घराच्या पार दुसऱ्या टोकाला, दार ओढून ओट्यापाशी बसले होते. तोंड टॅबलेटला जवळजवळ टेकलं होतं आणि ते कुजबुजत होते. पा-णी. पा-णी.

"बाबा, असं काय करता? मोठ्यानं बोला ना," ती कशीबशी म्हणाली.

त्यांनी वळून पाहिलं. तिच्या कानावरचा हेडफोन त्यांना दिसला आणि त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

पडद्यावर मोठ्या काकांनीही हात उचलला आणि नवा धडा असावा तसं, थरथरतं बोट नीट जपून आपल्या ओठांवर ठेवलं.