झामसिंगची प्रेमिला

मद्रासहून तार आली तेव्हा वच्छलाचे हात पिठात होते. बाबांचं ऑपरेशन परवा सकाळी. धाकटीला पाहिल्याशिवाय ते तयार होत नाहीत, असं त्यांच्यासोबत गेलेल्या श्यामलालकाकांनी कळवलं होतं. आगगाडीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं आणि वच्छलाला आठवा महिना लागलेला. नागपूरहून विमानानं जायचं ते तिच्या धाकट्या बहिणीनं, पंधरा वर्षांच्या प्रेमिलानं, एकटीनं.

गोंदियाच्या बाजारात विमानाची तिकिटं काढून देणारा एकच माणूस होता, चुन्नीलाल. त्यानं प्रेमिलाचा शाळेचा दाखला वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"एवढी पोर अकेली जाणार, तर नावा-वयाचा दाखला लागतो आणि बापाची सही. यात बाप झामसिंग. तुम्ही म्हणता केवळराम. दोन-दोन बाप कसे, बाई?"

वच्छलानं सांगितलं. प्रेमिलाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ही जन्मली तशी आईनं तिला सुपात घालून मूठभर कोंड्याला सुईण बायजाबाईला विकली. परक्याच्या लेकराकडे मरण बघत नाही. शाळेत घालतानाही बाबांनी तो व्यवहार पाळला आणि बायजाबाईच्या नवऱ्याचं नाव लावलं. लग्नाआधी तोच कोंडा देऊन सोडवून घ्यायची, असा रिवाज.

"रिवाज विमानात चालत नाही. झामसिंगला आणा."

"तो वारला."

"मग त्याच्या बायकोला."

फुलचूरहून बायजाबाईला आणेपर्यंत उन्हं कलली.

"केवळभाऊले किती डाव म्हटलं, सोडवून घे पोरीले," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणे, घाई कायची आहे?"

"पोरगी तुझी?" चुन्नीलालनं विचारलं.

"माही नाही तं का तुही होय? कोंडा देऊन घेतली." तिनं अंगठा उठवला.

वच्छलाला वाटलं, सुटलो. चुन्नीलालनं टाक तिच्यापुढे केला. "मद्रासला कोणाकडे जाते? नातं लिहा."

"वडील."

"वडील वारले. तुम्हीच सांगितलं."

"चुन्नीलालजी, माणसं समोर उभी आहेत."

"मला माणसं दिसतात. नागपूरला कागद दिसतो. जुळला नाही तर पोरगी तिथून वापस येईल."

साऱ्या आळीची पत्रं लिहून देणाऱ्या वच्छलाला एक शब्द सुचेना. शेवटी चुन्नीलालनं सांगितला तोच तिनं इंग्रजीत लिहिला: ओळखीचे.

प्रेमिला वेळेत पोचली. इस्पितळाच्या फाटकावर तिची भाषा कोणाला कळेना, म्हणून तिनं जवळचा तोच विमानाचा कागद दाखवला. कारकुनानं तो वाचला आणि तिला बाकावर बसायला खुणावलं. सकाळी नात्यातल्यांनाच आत सोडत. श्यामलालकाका शोधत खाली येईपर्यंत बाबांना ऑपरेशनला नेलं होतं. पोर आली आहे, खाली बसली आहे, एवढा निरोप वर पोचल्यावर बाबा तयार झाले होते. ते त्यातून परत आले नाहीत.

तेरवीला प्रेमिलाला परत द्यायचं म्हणून बायजाबाई सूप घेऊन आली. वच्छलानं आतून कोंडा आणला.

"मूठ बापाची लागते," बायजाबाई म्हणाली. वच्छलानं सुपावरची मूठ मागे घेतली.

"टाक तू," बायजाबाईनंच सूप पुढे केलं. "मी कागद नाही मांगत."