सगळे हात वर

टाइल्सच्या भट्टीपाशी सोमनाथ चक्कर येऊन पडला आणि मॅनेजरने निकाल दिला : प्रकृती कामाला अयोग्य, घरी पाठवा. प्रकृती म्हणे! आखातातल्या रास अल खैमातला जुलै, आणि भट्टीवरचा एक्झॉस्ट फॅन महिनाभर बंद. मी तिथला स्टोअरकीपर. न राहवून सांगायला गेलो.

"सूर्यकांत, तुम अकेला बोलता है," मॅनेजर म्हणाला. "बाकी किसी ने कंप्लेंट किया?"

भट्टी दुरुस्तीला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता. चहा पिताना त्याच्यापाशी मी चरफडलो. त्याने आजोबांची गोष्ट सांगितली. ते पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीत होते. तिथे सभेला बंदी, म्हणून मजूर चर्चच्या गायनमंडळात जमायचे. एकाला कामावरून काढलं, तर दुसऱ्या सकाळी खाणीत कोणीच उतरलं नाही. म्हणे, अमेरिकेत युनियन अशाही उभ्या राहिल्या.

"तुमचं असलं काही मंडळ नाही?" त्याने विचारलं.

नाही कसं? कामगारांच्या कॅम्पात आमचं भजनी मंडळ होतं! अध्यक्ष खुद्द सोमनाथ, खजिनदार बाबाजी, ढोलकीवर हनीफ. घटना, ठराव, उशिरा येणाऱ्याला दंड, सगळं साग्रसंगीत.

शुक्रवारी भजन संपल्यावर मी उभा राहिलो. "काम बंद करा म्हणत नाही. उद्या सगळे मिळून ऑफिसात चला. फॅन बंद होता म्हणून सोमनाथ पडला, एवढंच सांगायचं. अख्खी शिफ्ट थोडीच घरी पाठवतील?"

बाबाजी टाळ पुसत बसला. "भाऊ, मंडळ धार्मिक आहे. त्यात पॉलिटिक्स नको."

"आणि व्हिसा खलास झाला तर?" हनीफ म्हणाला. "घरात मी एकटाच कमावता."

"अरे, आज हा, उद्या तू!" मी ओरडलोच.

कोपऱ्यातून सोमनाथ म्हणाला, "जाऊ दे, भाऊ. कशाला सगळ्यांना अडचणीत आणतोस?"

मग मंडळाने त्याला निरोप दिला. हार, नारळ, भाषण. बाबाजी तर हुंदके देऊन रडला. मला त्याचाच जास्त राग आला. माया नव्हती असं कसं म्हणू? पण त्या मायेला ऑफिसच्या दारापर्यंत जायला पाय नव्हते.

पुढच्या शुक्रवारी बैठक भरली. विषय एकच, अध्यक्षाची रिकामी जागा. बाबाजीने माझं नाव सुचवलं.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

एका झटक्यात सगळे हात वर गेले. हनीफने तर दोन्ही केले.