कोच आल्यावर दहा वाजले

फोन वाजला तेव्हा मी जिममध्ये मुलींच्या सर्व्हिसवर ओरडत होते. उभा जन्म व्हॉलीबॉल शिकवण्यात गेला की माणूस हळू बोलायचं विसरतो. फोनवर कोर्टाचा बेलिफ बर्ट होता.

"ग्वेन, आहेस कुठे? सगळे येऊन बसलेत."

"अरे, अजून तासभर आहे."

"तास कसला? आत्ता आहे!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचं गाव आणि कोर्टाचं गाव यांच्या मधून वेळेची रेघ जाते. त्यांचं घड्याळ आमच्यापेक्षा तासभर मागे. म्हणून इथला अलिखित नियम असा, की कोर्टाची वेळ सांगायची ती कोर्टाच्याच घड्याळाने. पण बालकल्याण खात्याची नवी बाई, मिस प्रुइट, राजधानीतून आलेली, तिथलं घड्याळ आमच्यासारखंच. तिने 'अकरा' कळवले ते स्वतःच्या घड्याळाचे, म्हणजे कोर्टाचे दहा; मी धरले कोर्टाचे अकरा. तिच्या आधी त्या खुर्चीवर किती जणी आल्या नि गेल्या. दर वेळी नवा गडी, नवं राज्य.

प्रश्न दोन मुलांचा होता. जूनी सात वर्षांची, तिचा भाऊ कोल्ट तीन. आई दिवसेंदिवस घरी फिरकत नसे, त्यामुळे कोल्टला भरवायचं, थोपटायचं ते जूनीनेच. सध्या खात्याने दोघांना एका तात्पुरत्या घरी ठेवलं होतं, आणि आज ते मागणार होतं, की कोल्टला ओमाहाच्या एका जोडप्याकडे पाठवा आणि जूनीला इकडेच कुठेतरी ठेवा. म्हणजे राज्याच्या दोन टोकांना दोघं.

जज हॅल्व्हर्सन बाईंनी मला या मुलांसाठी नेमलं होतं. काम बिनपगारी. दर आठवड्याला मुलांना भेटायचं आणि जे दिसेल ते कोर्टात सांगायचं. शपथ देताना बाई म्हणाल्या होत्या, "फाइल काय म्हणते ते वकील सांगतीलच. मूल काय म्हणतं ते मला तुमच्याकडून हवं." आणि नेमक्या आजच माझी खुर्ची रिकामी!

"टॅगर्ट म्हणतोय, उरकून घेऊ," बर्ट कुजबुजला. टॅगर्ट हा खात्याचा वकील. "म्हणतो, फुकट काम करणाऱ्यांचं असंच, सवड झाली की उगवतात."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि बाई काय म्हणाल्या?"

"ते मागाहून सांगतो. तू आधी नीघ."

शिट्टी गळ्यात तशीच ठेवून मी गाडी हाणली. अर्ध्या वाटेवर बघते तो रस्ताभर गाई. कळप रस्ता ओलांडत असला की हॉर्न वाजवायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. स्टिअरिंग आवळून बसले. घोड्यावरची बाई माझीच जुनी खेळाडू निघाली. "कोच, तुम्हाला उशीर? उशिरापायी मला किती फेऱ्या मारायला लावल्यात तुम्ही!" म्हणत ती खदखदून हसली. मी नुसतं "कोर्ट!" म्हटलं. तिचं हसू थांबलं. घोडा आडवा घालून तिने कळप असा काही फोडला, की मी तिला मनातल्या मनात सगळ्या फेऱ्या माफ केल्या.

कोर्टाच्या पायऱ्या मी धावत चढले. जूनी पहिल्या बाकावर दाराकडे तोंड करून बसली होती. वकिलांच्या टेबलाशी माझी खुर्ची तशीच. दुसऱ्या कोर्टांत आमच्यासारख्यांना मागच्या बाकावर बसवतात. हॅल्व्हर्सनबाईंनी ही खुर्ची पहिल्या दिवसापासून पुढे मांडून घेतली होती. मधल्या वेळात त्यांनी भलतंच एक प्रकरण हातावेगळं केलं होतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानेच थांबवलं. "बसा. दम घ्या. मग सांगा, काय पाहिलंत?"

टॅगर्ट उठला. म्हणाला, ते सगळं रिपोर्टात आहेच.

"रिपोर्ट मी वाचलाय," बाई म्हणाल्या. "पण मला प्रश्न विचारायचेत, आणि ते रिपोर्टाला विचारता येत नाहीत."

मग मी व्हर्नाबद्दल सांगितलं. व्हर्ना म्हणजे मुलांच्या आजोबांची बहीण. वय जास्त म्हणून खात्याने तिच्यावर काट मारली होती, घरी मात्र कोणी गेलं नव्हतं. मी गेले होते. तिने मला चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल भरपेट खाऊ घातले, आणि मग एक खोली दाखवली. तिथे दोन खाटा एकमेकींना चिकटवून मांडलेल्या होत्या.

"चिकटवून का?" बाईंनी विचारलं.

"कोल्ट जूनीचं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. मी व्हर्नाला तेवढंच बोलले होते."

"आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. दर आठवड्याला जाते, तेव्हा दुपारी तो झोपताना मी त्यांच्यापाशी असते."

बाईंनी मिस प्रुइटला विचारलं, तुम्ही हे घर पाहिलंय का? ती बिचारी प्रामाणिकपणे नाही म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. आत्ताच्या आत्ता ग्वेनबरोबर जा, घर बघा, दुपारी परत या, तोवर या दोघांना कोणी वेगळं करायचं नाही, असा हुकूम दिला. आणि यापुढे स्वयंसेवकांना तारीख-वेळ कोर्टच कळवील, दोन्ही घड्याळांची.

दुपारी प्रुइटच उभी राहिली आणि म्हणाली, मुलं व्हर्नाकडे द्यावीत. दोघंही, एकत्र. तिच्या बाहीला अजून रोलची साखर चिकटलेली होती. बाईंनी सही केली तेव्हा मी आनंदाने शिट्टी फुंकणारच होते. बर्टने डोळे वटारले म्हणून वाचले.

बाहेर आल्यावर त्याने सकाळचं सांगितलं. टॅगर्टचं बोलणं ऐकून जूनी बाकावर उभी राहिली आणि म्हणाली, "कोच दर वेळी येते." बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग टॅगर्टकडे. "ऐकलंत? ती येईपर्यंत माझ्या कोर्टात दहा वाजलेले नाहीत."

तेवढ्यात जूनी आली, एका बोटाला कोल्ट लोंबकळत होता.

"कोच, किती वाजले?"

"कुठल्या घड्याळाने सांगू?"

तिने जरा विचार केला.

"आमच्या घरच्या."