खांबाला पाठ लावून

"हा खांब कुठून आला?" ताईनं विचारलं.

हॉलच्या ऐन मध्यावर चांगला ऐसपैस चौकोनी खांब उभा होता आणि ज्युडोच्या गाद्या उतरवायला आलेली माणसं दारात खोळंबली होती. जाहिरातीतल्या फोटोंत हाच हॉल मैदानासारखा मोकळा दिसत होता. ते फोटो ताईच्या शेजारी उभ्या असलेल्या धाकटीनंच काढले होते.

फोटोग्राफी शिकणारी तिच्या वर्गातली मुलं दुकानं, ऑफिसं भाड्यानं लावून देणाऱ्या एका कंपनीत अनुभवासाठी जात. पगार नव्हता. अनुभव आणि चहा, तोही अर्धा कप. मॅनेजरनं पहिल्याच आठवड्यात युक्ती शिकवली होती: खांब नडतोय ना, मग त्यालाच पाठ लावून उभं राहायचं. पाठीमागचं फोटोत येतंय कशाला? धाकटीनं खांबाच्या चारी बाजूंना पाठ लावून फोटो काढले. सरांनी ते वर्गात दाखवले, कंपनीनं जाहिरातीत छापले, घरी सगळ्यांनी कौतुक केलं. तिनं ते इतक्या वेळा पाहिले, की तिच्या डोक्यातल्या हॉलमधूनही खांब निघून गेला. पुढं परगावी शाळेत खेळ शिकवणाऱ्या ताईनं तीच जाहिरात पाठवून "हे तूच काढलेत ना?" असं विचारलं, तेव्हा बाईसाहेबांनी मान ताठ करून "हो" म्हटलं होतं.

"मी बघायला येणार होते," ताई आता म्हणाली. "म्हटलं, फोटो आपल्या पोरीनं काढलेत. अजून काय बघायचं?"

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं ज्युडोच्या क्लाससाठी नोकरी सोडली होती, करार वर्षाचा होता, पहिला वर्ग त्याच संध्याकाळी होता. आणि एकमेकांना उचलून आपटणाऱ्या पोरांमध्ये हा दगडी राक्षस.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक कंपनीत पोचली. मॅनेजरसमोर सरही बसले होते, चहात बिस्किट बुडवत.

"खांब तुम्ही लपवायला लावलात," ती मॅनेजरला म्हणाली.

"लपवला? त्या फोटोत एक गोष्ट खोटी दाखव. आणि तुझ्या बहिणीला बघायला कुणी अडवलं होतं?"

"तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."

"मग ते तुमचं घरचं प्रकरण झालं."

"आवाज खाली," सर म्हणाले. "अनुभवाचं पत्र हेच देणार आहेत तुला."

वर्गात तासन्‌तास कॅमेऱ्याच्या इमानाबद्दल बोलणारा हा माणूस. चोर तो चोर, वर शिरजोर!

"मग त्या पत्रात लिहा," धाकटी म्हणाली, "की ही मुलगी खांब गायब करते."

"अगं, कौतुकच लिहिणार आहे," मॅनेजर म्हणाला. "इतक्या लवकर ती जागा आजवर कुणी लावली नव्हती."

तो टोमणा मारत नव्हता, मनापासून बोलत होता. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. "नको मला तुमचं पत्र," असं म्हणून जाताना तिनं दार दाणकन आपटलं, तर तेही आपलं आपण हळूहळू मिटणारं निघालं.

संध्याकाळी आईबाप मुलांना घेऊन आले. क्लासच्या जाहिरातीतही ताईनं तेच फोटो टाकले होते. खांब पाहून एक आई म्हणाली, "फोटोत तर नव्हता हा."

ताई म्हणाली, "चूक माझी. मी जागा नीट बघितली नाही."

"फोटो मी काढलेत," धाकटी मोठ्यानं म्हणाली. "मुद्दाम तसे काढलेत. तिला माहीत नव्हतं."

निम्म्याहून जास्त मुलं आल्या पावली परत गेली. धाकटीला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती ताईकडे वळली. ताईनं दोन गाद्या उभ्या करून खांबाला गुंडाळल्या होत्या आणि आता त्या बांधत होती. आपल्या काळ्या पट्ट्यानं. घरात कुणाला त्या पट्ट्याला हात लावायची मुभा नव्हती.

"ताई, दोरी आणते ना मी."

"दोरीनं पोरांना खरचटेल. धर इथं, घट्ट."

धाकटीनं धरलं. ताईनं गाठ मारली, एकदा ओढून पाहिली. मग पट्ट्याविना सुटलेल्या डगल्याच्या दोन्ही कडा एका हातानं छातीशी धरल्या आणि दुसऱ्या हातानं उरलेल्या पोरांना रांगेत उभं राहायची खूण केली.