मागून दाखवायचा आरसा

माझ्या डोक्यावर केस फारसे उरलेले नाहीत. कानांच्या वर एक झालर आहे, तेवढीच. तरी मी महिन्यातून एकदा मामांच्या दुकानात केस कापायला जातो, आणि बाकीच्या दुपारी नुसता वाचत बसायला. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते म्हणून मीही म्हणतो. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. दुकानाला पुढून अख्खी काच आहे, उजेड चांगला येतो, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. छापखान्यात मुद्रितं तपासून माझे डोळे अधू झालेत, असं कारण मी पहिल्या दिवशी भीत भीत सांगितलं होतं. ते म्हणाले, "काका, कारण कशाला? बाक रिकामंच आहे."

मामांच्या कामाचा शेवट ठरलेला असतो. कात्री खाली ठेवली की खुंटीवरचं मशीन घ्यायचं आणि दोन्ही कानांपुढचे कल्ले सरळ रेषेत उडवायचे. माझ्या कानांपुढे कित्येक वर्षांत एक केस उगवलेला नाही, तरी ते मशीन तिथून फिरवतातच. "तुमच्याकडे काही नाही हो, पण हात ऐकत नाही," म्हणतात. मग मऊ ब्रशने मान झटकायची, आणि सगळ्यात शेवटी हातातला गोल आरसा डोक्यामागे धरायचा. गिऱ्हाइकाने समोरच्या आरशात स्वतःची मागची बाजू बघायची आणि मान डोलवायची. ती डोलल्याशिवाय मामा अंगावरची चादर सोडत नाहीत. काही जण तेवढ्यात त्यांना चांगले दमवतात, जरा इकडे धरा, जरा वर. मी मात्र बघायच्या आधीच मान डोलवून मोकळा होतो.

हा आरसा घरच्यांना नाही. भाऊ असो, मेहुणा असो, स्वतःचं पोर असो, कापले की चादर झटकली, ऊठ. मामी एकदा वरच्या मजल्यावरून डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या घरातल्यांना मागची बाजूच नाही. विचारा यांना."

"घरच्यांना काय विचारायचं?" मामा म्हणाले.

त्या दुपारी मी वाचत होतो आणि मामा कंगवे धूत होते. दार उघडून एक तरुणी आत आली. साधा निळा सदरा, खांद्याला पिशवी, केस खांद्यापर्यंत वाढलेले, पण कुठे लांब, कुठे आखूड. वाटलं, कुणाचा पत्ता विचारायला आली असेल. पण तिने न बघता हात वर करून पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. तो खिळा बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मामांचं पोर शाळेतून आलं की दप्तर तिथेच अडकवायचं.

मी पुस्तकात तोंड घातलं. घर सोडून ती दुसऱ्या गावी राहते, आता मुलगी म्हणून राहते, एवढं मामींच्या बोलण्यातून मला कळलं होतं. मामा त्याबद्दल एक अक्षर काढत नसत. फोनवर मामी बोलत आणि हे खाली येऊन कात्रीला धार लावत बसत.

"जेवण झालं का?" मामांनी विचारलं.

"झालं गाडीत."

"आई वर आहे."

"माहितेय. आधी तुमच्याकडेच आले." ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, उद्या सकाळी मला नोकरीवर हजर व्हायचंय. दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत. तिथे ओळखपत्रासाठी फोटो काढणार आहेत. माझे केस कापून द्या. बायकांसारखे."

मामा कंगवा पुसत राहिले. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"मला बायकांचे येत नाहीत. पार्लरमध्ये जायचं ना."

"गेले होते. खुर्चीत बसवलं, मग आतून तिघीचौघी बघायला आल्या. एक हसली. मी चादर काढून ठेवली आणि उठले."

"बिघडले तर?"

"बिघडले तर तुमच्या हातचे बिघडतील. त्या फोटोत पहिल्यांदा मी दिसणार आहे, बाबा. तो गळ्यात घालून रोज फिरायचंय."

मी उठून जावं की काय असं मला झालं. पण उठायचं तर दोघांच्या मधून जावं लागलं असतं, म्हणून बसलो. मामांनी खुर्चीवर दोनदा फडकं मारलं. "बस," म्हणाले.

चादर बांधली, पाणी फवारलं, आणि ओले केस विंचरून ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बोट तिच्या टाळूवर टेकवलं.

"भांग डावीकडून का काढतेस? तुला दोन भोवरे आहेत. हा सगळं उजवीकडून डावीकडे ढकलतो. तू त्याच्याशी रोज भांडत असणार."

"रोज," ती म्हणाली. "पण राहू दे. सवय झालीय."

"राहू दे तर राहू दे."

कात्री सुरू झाली. नेहमीची त्यांची कात्री बोलत असते, हवेतही कचकचते. आज ती केस असेल तिथेच वाजत होती. एक बट दोन बोटांत धरायची, सोडायची, पडते कशी ते बघायचं, पुन्हा धरायची. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत तिचे केस थोडे मागे सरकले होते.

"हे माझ्याकडून आलंय," मामा पुटपुटले.

"नाक पण," ती म्हणाली.

"नाकाला मी काही करू शकत नाही. हे झाकू." आणि त्यांनी पुढचे केस कपाळावर घेऊन तिरके कापले. मी पुस्तकाच्या वरून बघितलं. चेहरा तोच, पण कुणीतरी दिवा जवळ आणून ठेवावा तसा.

इतक्यात दार ढकलून टेम्पोवाला आला. तो नेहमीचा, बोलल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही.

"मामा, मागून पटकन मारा, गाडी उलटी लावून आलोय. अरे! बायका कधीपासून सुरू केल्या?"

"आजपासून," मामा म्हणाले. मान वळवलीसुद्धा नाही.

"मग आमच्या हिला पण आणतो. तिचं पार्लर म्हणजे माझं दिवाळं."

"आण. बसून राहा, नाहीतर गाडी सरळ लावून ये."

टेम्पोवाला माझ्याशेजारी बसला आणि पोलीस, रस्ता, डिझेल असं सुरू झाला. मामा त्याला हं हं करत होते. केस जवळजवळ झाले होते. त्यांनी कात्री खाली ठेवली. टेम्पोवाल्याने काहीतरी विचारलं, ते उत्तर द्यायला वळले, आणि त्यांच्या हाताने खुंटीवरचं मशीन घेतलं.

आवाज ऐकून मी वर बघितलं, पण तोवर झालं होतं. तिच्या डाव्या कानापुढची लांब बट चादरीवर पडली होती आणि तिथे एक स्वच्छ, सरळ रेघ आली होती. इतकी वर्षं त्या जागी ते पाडत आले होते तशीच.

मामांनी मशीन बंद केलं. 

ती आरशात बघत होती. मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं. चादरीच्या आतून तिचे हात बाहेर येऊ पाहत होते. ती चादरीची मानेमागची गाठ शोधत होती.

"मुद्दाम?" तिने विचारलं.

मामांचे ओठ हलत होते. त्यांना काय म्हणायचंय हे मला कळत होतं, आणि ते त्यांनी म्हटलं तरी तिला पटणार नाही हेही कळत होतं. आता ती उठेल आणि पार्लरमधून उठून गेली तशी जाईल. आणि मग या खुर्चीत पुन्हा बसणार नाही.

मी कधी कुणाच्या मध्ये बोलत नाही. काय बोलावं ते मला दुसऱ्या दिवशी सुचतं. पण मी उभा राहिलो, पुस्तक खाली पडलं, आणि मी माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

"इथे बघ," मी म्हणालो. "इथे काही आहे का?"

ती आरशातून माझ्याकडे बघू लागली.

"काही नाही. वर्षानुवर्षं काही नाही. तरी दर महिन्याला तुझे बाबा इथून मशीन फिरवतात. दोन्हीकडून. सरळ रेषेत. हवेचे कल्ले कापतात."

"खरंय," टेम्पोवाला म्हणाला. "मी पाहिलंय. आम्ही हसतो काकांना." मग माझ्याकडे बघून, "म्हणजे, तुमच्या मागे हसतो."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका असेल म्हणून मी घाबरलो, पण ती हसत होती. डोळे गळत होते आणि हसत होती. "हवेचे," ती म्हणाली. "बाबा, हवेचे?"

"हाताने केलं गं," मामा म्हणाले. "मी नाही. मी इतका जपून..." त्यांनी चादरीवरची बट उचलून मुठीत धरली, जणू ती परत लावता येईल.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. ती उठली नव्हती.

 मामांनी ते गुन्हेगार मशीन फडताळात ठेवून फडताळ लावून टाकलं. कंगवा ओला केला. "उजवीकडून भांग काढू?"

"काढा."

त्यांनी जुना भांग मोडला आणि उजवीकडे नवा काढला. केस क्षणभर गोंधळल्यासारखे उभे राहिले, मग भोवऱ्याने ढकलल्यासारखे सगळे डावीकडे गेले, कपाळावरून उतरले आणि त्या रेघेवर येऊन पडले. मामांनी टोकं पुन्हा थोडी कापली. उजवीकडची बट कानामागे घेतली. तिने डोकं हलवून बघितलं. केस हलले आणि परत जागेवर आले.

"वारा आला की दिसेल," मामा म्हणाले. मला वाटतं, त्यांना खोटं काही ठेवायचं नव्हतं.

"फोटोत वारा नसतो," ती म्हणाली.

त्यांनी ब्रशने तिची मान झटकली, कानामागे, कॉलरच्या आत, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग चादरीच्या गाठीला हात घातला. ती उठायच्या तयारीत पुढे सरकली. तिला सवय होती.

गाठीवरचा हात थांबला. मामांनी तो काढून घेतला, अंगावरच्या सदऱ्याला पुसला, आणि फळीवरचा गोल आरसा उचलून तिच्या डोक्यामागे धरला.

ती परत मागे टेकली. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून तिने या दुकानात स्वतःची मागची बाजू कधी पाहिली नव्हती. मामा काही विचारत नव्हते. नुसते वाट बघत होते.

"जरा वर," ती म्हणाली.

त्यांनी वर धरला.

"डावीकडे. अजून थोडा."

"ताई," टेम्पोवाला हळूच म्हणाला, "माझी गाडी उलटी..."

"बसा हो," ती म्हणाली. "मला बघू दे."

मामांनी आरसा दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा धरला. तिने अजून मान डोलवली नव्हती.